विमान आणि बैलगाडी

विमान म्हटलें कीं मेघमंडळ, वेग आणि अमर्याद अवकाश यांचें चित्र मनश्चक्षूंपुढें उभें राहतें. परंतु विमानप्रवासाच्या आरंभींच्या काळाचा इतिहास चाळला, तर त्यांत आकाशापेक्षां जमिनीचाच उल्लेख अधिक आढळतो. पुराणांतील पुष्पक विमानास पेट्रोल लागत नसे आणि उतरण्यासाठीं मैदानहि शोधावें लागत नसे. विसाव्या शतकांतील विमानाचें दैव इतकें बलवत्तर नव्हतें.

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनें ३० मार्च १९२९ रोजीं लंडनजवळच्या क्रॉयडनहून कराचीपर्यंत नियमित सेवा सुरू केली. भाडें १३० पौंड आणि मुदत सात दिवसांची! या हवाई प्रवासांतील बाझल ते जिनोवा हा टप्पा मात्र चक्क आगगाडीनें कापावा लागे. तेथून अलेक्झांड्रियापर्यंत पाण्यावर उतरणारें विमान आणि त्यापुढें जमिनीवर उतरणारें विमान, असा सगळा खटाटोप असे. कांहीं वर्षांनीं या कंपनीनें चार इंजिनांचीं प्रचंड विमानें आणलीं. पण त्यांचाहि वेग ताशीं सुमारें शंभर मैलांचाच. प्रवासी आणि त्याचें सामान यांचें वजन एकत्र करीत. त्यामुळें देहानें भारदस्त असलेल्या गृहस्थास सदरे कमी न्यावे लागत. अम्मान आणि बगदाद यांच्यामधील वाळवंटांत वैमानिकांनीं वाट चुकूं नये, म्हणून ब्रिटिश हवाई दलानें १९२१ सालींच जमिनीवर नांगराची सरी ओढून ठेविली होती. पंख लाभलेला मनुष्य असा मान खालीं घालून, एखाद्या शेतकऱ्याप्रमाणें, सरीच्या अनुरोधानें चालला होता!

कराचीस आलेलें हें विलायती टपाल विमानानेंच मुंबई व मद्रासपर्यंत न्यावें, ही कल्पना नेव्हिल विन्सेंट या ब्रिटिश हवाई दलांतील माजी वैमानिकाची. टाटा मंडळींनीं ती उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं जे. आर. डी. टाटा हे 'पुस मॉथ' जातीचें एका इंजिनाचें चिमुकलें विमान घेऊन कराचीहून निघाले. विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. वैमानिकाचे डोळे, नकाशा आणि होकायंत्र हेच काय ते सोबती. वाटेंत अहमदाबादेस पेट्रोल घ्यावयाचें होतें. तें आलें पत्र्याच्या डब्यांतून, आणि डबे आले बैलगाडींतून! हिंदुस्थानांतील अत्यंत वेगवान वाहनाची तहान अत्यंत सावकाश वाहनानें भागविली. दुपारीं विमान जुहूस उतरलें आणि तेथून विन्सेंट टपाल घेऊन बल्लारीमार्गें मद्रासकडे गेले.

जुहूचें तें मैदान समुद्रकांठचें. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई, आणि मग विमानें, वैमानिक व यंत्रज्ञ असा सर्व संसार पुण्यास हलवावा लागे. तेथील मैदान येरवड्याच्या तुरुंगाशेजारीं! बाहेर एकाच्या उड्डाणाची तयारी चालावी आणि आंत दुसऱ्याच्या पायांत बेडी असावी, असा हा विलक्षण शेजार होता. इतक्या ओढाताणींतहि पहिल्या वर्षीं या सेवेनें सुमारें १,६०,००० मैल उड्डाण केलें, १५५ प्रवासी नेले आणि दहा टनांहून अधिक टपाल पोहोंचविलें.

हें साधलें तें केवळ यंत्रबळावर नव्हे. १९२९ सालीं आगाखानांनीं इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान एकट्यानें उड्डाण करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ५०० पौंडांचें बक्षीस जाहीर केलें होतें. जे. आर. डी. कराचीहून लंडनकडे निघाले होते. तरुण अस्पी इंजिनियर उलट दिशेनें येत होते. अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. इंजिनाच्या स्पार्क प्लगांवांचून अस्पी तेथें अडकून पडले होते. जे. आर. डीं. नीं आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्यास देऊन टाकले. अस्पी कराचीस पोहोंचले आणि बक्षीसहि त्यांनींच जिंकलें! पुढें १९६० सालीं तेच अस्पी इंजिनियर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. दिलेले प्लग वायां गेले, असें कोण म्हणेल?

८ जून १९४८ रोजीं 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें, तेव्हां सात दिवसांचा प्रवास दोन दिवसांच्या आंत आला होता. वेग वाढला, आसनें मऊ झालीं, आणि गाडीवान व नांगऱ्या हे या कथेंतून मागें पडले. परंतु १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, जे. आर. डी. टाटांनीं एका जुन्या लहान विमानांतून कराची-मुंबई हा मार्ग पुन्हां एकट्यानें आक्रमिला. त्या जुन्या दिवसांत कांहीं तरी मोलाचें होतें, याची ही साक्षच होय. तेव्हांचा प्रवासी वर चढण्यापूर्वीं आपणांस कोणाकोणाचे हात लागले, हें डोळ्यांनीं पाहत असे. हात आजहि लागतातच. फक्त खिडकींतून ते दिसेनासे झाले आहेत.