क्रिटिकल रीझनिंग (जीमॅट)

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना प्रवेश देताना जगभरातील बिझनेस स्कूल ज्या परीक्षेचे गुण ग्राह्य धरतात, त्या जीमॅटच्या व्हर्बल विभागातील एक प्रश्नप्रकार. तयारी करणारे त्याला नुसते ‘सीआर’ म्हणतात. चार-पाच वाक्यांचा उतारा, त्यावर बहुधा एकच प्रश्न आणि पाच पर्याय, असे त्याचे स्वरूप असते. उताऱ्यात कोणीतरी काहीतरी पटवून देऊ पाहत असते: कधी कंपनी, कधी नगरपालिका, कधी संशोधक. विषय औषधाचा, शेतीचा किंवा पुरातत्त्वाचाही असू शकतो. त्या विषयाचे ज्ञान लागत नाही, उलट पुष्कळदा ते आडवे येते. डॉक्टर परीक्षार्थी औषधाच्या उताऱ्यात आपल्या अनुभवाची भर घालतो आणि उताऱ्यात नसलेल्या मुद्द्यावर उत्तर निवडतो.

१९५३ मध्ये अमेरिकेतील नऊ बिझनेस स्कूलनी एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेबरोबर प्रवेशपरीक्षेची आखणी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती घेतली गेली. तिला जीमॅट हे नाव १९७६ मध्ये मिळाले. १९९७ पासून ती संगणकावर आली आणि तिचे स्वरूप परीक्षार्थीच्या उत्तरांनुसार बदलते झाले: उत्तरे बरोबर येत गेली की पुढचे प्रश्न अवघड होत जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीने वाक्यदुरुस्तीचे प्रश्न काढून टाकले. आता व्हर्बल विभागात उताऱ्यांचे आकलन आणि सीआर एवढेच उरले आहे. २३ प्रश्न, ४५ मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही पुरती नाहीत. व्याकरणाच्या पाठांतरावर गुण उचलण्याची सोय गेल्यामुळे सीआरचे वजन वाढले.

प्रश्नांचे प्रकार ठरलेले आहेत. युक्तिवाद बळकट करणारे किंवा दुबळा करणारे विधान निवडणे, त्यामागचे गृहीतक ओळखणे, तो तपासण्यासाठी कोणती माहिती हवी ते सांगणे, दिलेल्या विधानांवरून निघणारा निष्कर्ष शोधणे, परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गोष्टींचा मेळ घालणे आणि ठळक अक्षरांत छापलेल्या वाक्यांची युक्तिवादातील भूमिका सांगणे. यादी लांब दिसली तरी पहिले चार प्रकार मुळात एकच काम मागतात. पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामध्ये न बोललेले काय आहे, ते हुडकायचे.

नमुन्यासाठी एक उतारा रचून पाहू. एका शहरातील बससेवेने जूनच्या सुरुवातीला भाडे कमी केले. जुलैमध्ये प्रवाशांची संख्या मेपेक्षा बरीच वाढलेली आढळली. तेव्हा शेजारच्या शहरातील बससेवेनेही भाडे कमी केल्यास तिचे उत्पन्न वाढेल. हा युक्तिवाद सर्वांत जास्त दुबळा कशाने होईल?

पहिल्या वाचनात यात खटकण्यासारखे काही दिसत नाही, पण येथे तीन उड्या मारलेल्या आहेत. भाडेकपातीनंतर प्रवासी वाढले, म्हणून ते भाडेकपातीमुळेच वाढले असे धरले आहे. पुरावा प्रवाशांच्या संख्येचा आहे आणि निष्कर्ष उत्पन्नाचा. भाडे निम्मे झाले आणि प्रवासी दीडपट झाले, तर तिकिटांचा गल्ला पाऊणपटच भरतो. शिवाय एका शहरात घडले ते दुसऱ्यातही घडेल असे मानले आहे.

आता पर्याय. पहिला: पहिल्या शहरात रिक्षाचे भाडेही त्याच महिन्यात उतरले. याने युक्तिवाद उलट बळकट होतो, कारण स्पर्धा वाढूनही बसचे प्रवासी वाढले. घाईत वाचणारा यालाच दुबळे करणारे समजतो. दुसरा: शेजारच्या शहरातील काही नागरिक बस फुकट केली तरी वापरणार नाहीत. ‘काही’ म्हणजे दोन माणसेही असू शकतात. एवढ्याने काही हलत नाही. तिसरा: पहिल्या बससेवेच्या चालकांचे वेतन यंदा वाढले. वाणिज्य शाखेचे विद्यार्थी येथे हमखास अडकतात. पण वेतनाने खर्च वाढतो, नफा घटतो, आणि निष्कर्ष तर उत्पन्नाबद्दल आहे. चौथा: शेजारच्या बससेवेने गेल्या वर्षी नव्या बस घेतल्या. याचा झाला तर युक्तिवादाला फायदाच होईल. पाचवा: पहिल्या शहरात शाळा-महाविद्यालये जूनच्या मध्यावर उघडतात आणि मेच्या मानाने जुलैमध्ये प्रवासी दरवर्षीच जवळपास इतके वाढतात. हे उत्तर. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. त्याचा एकमेव आधार मात्र निसटतो, आणि परीक्षेला तेवढेच पुरते. पुराव्यातील विधाने खरी आहेत की नाहीत याची चौकशी येथे कधीच करायची नसते.

गृहीतकाच्या प्रश्नांसाठी नकाराची कसोटी वापरतात. पर्याय उलटा करून पाहायचा. युक्तिवाद कोसळला तर ते गृहीतक. ‘शेजारच्या बससेवेला जादा प्रवासी सामावून घेता येतील’ हे विधान उलटवले, तर भाडे घटेल, प्रवासी वाढू शकणार नाहीत आणि उत्पन्न उतरेल. म्हणजे हे गृहीतक आवश्यक होते. ‘पहिल्या शहरात प्रवासी वाढण्याचे भाडेकपात हे एकमेव कारण होते’ हे विधान जास्त जोरकस, म्हणून मोह पाडणारे. पण ते उलटवले तरी भाडेकपात हे एक कारण राहू शकते आणि युक्तिवाद तग धरतो. आवश्यक आणि पुरेसे यांतला हा भेद पक्का झाला नसेल, तर शेकडो प्रश्न सोडवूनही गुण तिथल्या तिथेच राहतात.

न्यायदर्शनाशी परिचय असलेल्या वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या पाच अवयवांच्या अनुमानात हेतू आणि साध्य यांना जोडणारी व्याप्ती उदाहरणात उघड सांगावी लागते. सीआरच्या उताऱ्यात नेमकी तीच गाळलेली असते. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान नैयायिक फेटाळतात, कारण ओले इंधन ही अट त्यात लपलेली आहे. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. वरील उताऱ्यात शाळा उघडण्याने जवळपास हेच काम केले आहे. साम्य येथवरच. जीमॅटला औपचारिक तर्कशास्त्राची परिभाषा लागत नाही.

सराव कसा करावा यावर शिकवणी वर्गांची मते पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी संख्येवर भर देणारी आहेत. प्रत्यक्षात फरक पडतो तो चुकलेल्या प्रश्नाच्या फेरतपासणीने. बरोबर उत्तर वाचून मान डोलावणे हा सराव नव्हे. आपण निवडलेला पर्याय का मोहक वाटला आणि पहिल्या वाचनात निष्कर्षाचे वाक्य कोणते धरले होते, हे लिहून काढावे लागते. या नोंदवहीला परीक्षार्थी ‘एरर लॉग’ म्हणतात. तिच्यात महिनाभराने बहुधा एकाच जातीच्या चुका पुन्हापुन्हा सापडतात: टक्केवारी वाढली म्हणजे संख्याही वाढली असे समजणे, योजना आणि तिचे उद्दिष्ट यांत गल्लत करणे, ‘बहुतेक’ आणि ‘सर्व’ सारखेच वाचणे. पर्याय वाचण्याआधी युक्तिवादातील फट स्वतः शोधण्याची सवयही उपयोगी. पण मनातले उत्तर यादीत दिसले नाही म्हणून अडून बसणाऱ्याचे ती नुकसान करते. सुरुवातीला घड्याळ बाजूला ठेवावे. जीमॅट घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेले प्रश्न आधी संपवावेत, कारण नकली प्रश्नांत चुकीचे पर्याय उगाच चुकीचे असतात किंवा दोन पर्याय बरोबर ठरू शकतात, आणि अशा प्रश्नांनी लागलेली सवय पुढे मोडावी लागते.

महाराष्ट्रात हा प्रश्नप्रकार वेगळ्या वेषात भेटतो. राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असून त्यांपैकी ७५ तर्कक्षमतेचे असतात. त्यांत विधान-गृहीतक, विधान-निष्कर्ष, कोणती कृती योग्य असे प्रश्न येतात, पण मिनिटभरही न मिळणाऱ्या त्या शर्यतीत उतारे आखूड असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र करणाऱ्याने सीईटीचा झपाटा जीमॅटमध्ये आणू नये. तेथे उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही आणि विभाग संपल्यावर मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात.