मिरजेची जुनी तंतुवाद्ये

मिरजेची जुनी तंतुवाद्ये या संज्ञेत सांगली जिल्ह्यातील मिरज येथे घडवलेल्या आणि एका वादकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या तंबोरा, सतार व तत्सम वाद्यांचा समावेश होतो. या वाद्यांची दुरुस्ती, खरेदी-विक्री आणि पारख हा मिरजेच्या वाद्यनिर्मिती व्यवसायाचाच एक भाग आहे. भोपळा आणि लाकूड यांपासून हाताने घडवलेले वाद्य योग्य निगा राखल्यास अनेक दशके टिकते. मात्र त्याचा नाद टिकवण्यासाठी त्याला वेळोवेळी जाणकार कारागिराच्या हाताखालून जावे लागते. त्यामुळे जुन्या वाद्याचे मूल्य त्याच्या वयापेक्षा त्याच्या घडणीवर आणि ते दुरुस्त करणारा हात उपलब्ध आहे की नाही, यावर अवलंबून असते.

== पार्श्वभूमी ==

मिरजेतील तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झाला असे मानले जाते. या व्यवसायाचे मूळ पुरुष फरीदसाहेब शिकलगार हे होत. शिकलगार समाज शस्त्रांना धार लावणे व ती दुरुस्त करणे या कामांसाठी ओळखला जात असे. लढाया थांबल्यावर शस्त्रांचे काम कमी झाले. मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींच्या आश्रयाने गायक-वादकांचे येणे-जाणे वाढले होते आणि त्यांच्या वाद्यांच्या दुरुस्तीसाठी कुशल हातांची गरज होती. या दुरुस्तीच्या कामातूनच फरीदसाहेब नवीन वाद्ये घडवण्याकडे वळले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे या घराण्यातील अनेक कुटुंबांनी सतारमेकर हे आडनाव स्वीकारले. काही कुटुंबे पुणे व मुंबई येथेही स्थायिक झाली.

मिरजेला संगीताची पार्श्वभूमी होतीच. ग्वाल्हेर घराण्याचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे विष्णू दिगंबर पलुसकर यांचे शिक्षण मिरजेत झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचेही वास्तव्य मिरजेत होते. ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले असून त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी संगीत समारोह होतो. या वातावरणामुळे कारागिराला स्वरांची जाण असलेला गिऱ्हाईक मिळत राहिला.

दळणवळणाचाही या व्यवसायाला उपयोग झाला. मिरज हे रेल्वेचे जंक्शन आहे. पुणे–मिरज लोहमार्गावर सातारा, कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड व सांगली ही स्थानके येतात. त्यामुळे सातारा जिल्ह्यातील कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावातील गायक, संगीतशिक्षक किंवा भजनी मंडळी यांना वाद्य घेऊन थेट मिरजेस जाता येते.

== घडण आणि झीज ==

जुन्या वाद्याची स्थिती समजण्यासाठी त्याची घडण माहीत असणे आवश्यक असते. तंबोऱ्याचे मुख्य भाग भोपळा, गळा, दांडी, तबली, घोडी, खुंट्या व मणी हे आहेत. सतारीला याशिवाय पडदे आणि तरफेच्या तारा असतात. वाद्यासाठी लागणारा कडू भोपळा मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर–मंगळवेढा परिसरातून येतो. तो वाळवून, कापून, भिजवून आणि आतून खरवडून त्याला आकार देतात. दांडी व तबली यांसाठी प्रामुख्याने तुणीचे लाकूड वापरतात. खुंट्यांसाठी शिसवासारखे कठीण लाकूड लागते.

झीज वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या रीतीने होते. तारांचा ताण सतत पेलल्याने काही वर्षांनी तबली घोडीखाली किंचित बसते. दांडी पुढच्या बाजूस वाकू शकते. भोपळ्याला धक्क्याने तडे जातात किंवा कीड लागते. हवेतील दमटपणा व कोरडेपणा यांच्या फरकाने गळ्याचा सांधा ढिला होतो आणि खुंट्या घट्ट बसतात किंवा सुटतात. घोडीच्या पृष्ठभागावर तारांमुळे बारीक खाचा पडतात. हे सर्व दोष सारख्याच गांभीर्याचे नसतात. खुंटी सुटणे ही खडू लावून किंवा खुंटी नव्याने बसवून दूर होणारी अडचण आहे, तर बसलेली तबली हा वाद्याच्या मूळ नादावरच परिणाम करणारा दोष आहे.

== जवारी ==

तंबोरा व सतार यांची घोडी रुंद आणि किंचित बहिर्वक्र असते. तार घोडीच्या एकाच बिंदूवर न टेकता तिच्या उतारावर अल्पशी घासत कंप पावते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर ठळकपणे ऐकू येतात. घोडीच्या या पृष्ठभागाला आणि त्यापासून निर्माण होणाऱ्या नादाला जवारी म्हणतात. तंबोऱ्यात प्रत्येक तारेखाली सुताचा किंवा रेशमाचा दोरा सरकवून नाद उघडतात. दोरा पुढे-मागे करताना एका ठिकाणी स्वर एकदम भरदार होतो. जवारी लागल्याची ती खूण मानली जाते.

भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील लेखात या घटनेकडे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचे निस्पंद असतात, ते उपस्वर नियमानुसार उत्पन्न होऊ नयेत. तंबोरा व वीणा यांत मात्र तेही स्पष्ट ऐकू येतात, असे त्यांनी नोंदवले. याचे कारण त्यांनी वक्र घोडीत शोधले.

वापरामुळे जवारी बिघडते आणि ती पुन्हा काढावी लागते. कारागीर घोडी कानशीने व बारीक कागदाने घासून तिचा उतार पुन्हा जमवतो. हे काम मापाने होत नाही. थोडे घासून, तार चढवून, ऐकून, पुन्हा उतरवून ते करावे लागते. प्रत्येक वेळी घोडीचा थोडा अंश कमी होतो. शेवटी घोडीच बदलावी लागते. खुली जवारी हवी की बंद, हे गायकाच्या आवडीवर ठरते. म्हणून जुने वाद्य विकत घेतल्यानंतर नवीन मालक बहुधा जवारी नव्याने काढून घेतो.

== दुरुस्ती ==

पारंपरिक सांध्यांसाठी सरस वापरला जात असे. उष्णता व ओलावा दिल्यास तो सुटतो. त्यामुळे सरसाने जोडलेले जुने वाद्य उघडून आतून दुरुस्त करणे शक्य होते. कृत्रिम चिकटद्रव्याने जोडलेला सांधा मात्र लाकडाला इजा न करता उघडणे अवघड जाते. घरच्या घरी केलेली तात्पुरती जोडणी पुढील दुरुस्ती महाग करते ती यामुळेच.

भोपळ्याचा तडा आतून कापडाचा थर देऊन जोडता येतो. बसलेली तबली काढून नवी बसवता येते. मात्र तबली बदलल्यावर वाद्याचा आवाज पूर्वीचा राहीलच असे नाही. दांडीचा थोडा वाक काढता येतो, परंतु पिळलेली दांडी पूर्ववत करणे कठीण असते. शेवटी चपडा लाखेचे पॉलिश देतात. ताजे पॉलिश सौंदर्य वाढवते, तसेच ते तडे आणि जोड झाकूही शकते.

== खरेदी-विक्री ==

जुनी वाद्ये बाजारात येण्याची कारणे ठरावीक आहेत. वादकाच्या निधनानंतर घरात वापर उरत नाही, विद्यार्थी शिक्षण सोडतो, आवाजाची पट्टी बदलल्याने दुसरे वाद्य घ्यावे लागते किंवा लहान घरात पाच फुटी तंबोरा ठेवण्यास जागा नसते. व्यवहार प्रामुख्याने गुरू-शिष्य परंपरेतील ओळखीतून, कारागिरांच्या दुकानांतून आणि अलीकडे इंटरनेटवरून होतात. काही कारागीर नवीन वाद्य देताना जुने परत घेतात व दुरुस्त करून पुन्हा विकतात.

=== किमतीचे निकष ===

कारखान्यात तयार होणाऱ्या गिटारला कंपनीचे नाव, नमुना आणि क्रमांक असतो. त्यावरून तिच्या निर्मितीचे वर्ष व प्रचलित भाव साधारणपणे ठरवता येतो. हाताने घडवलेल्या तंबोऱ्याच्या बाबतीत असा आधार नसतो. एकाच कारागिराची एकाच वर्षातील दोन वाद्येही सारखी वाजत नाहीत. वाद्यावरील चिठ्ठी नंतर लावलेली असू शकते. त्यामुळे नाद, दांडी व तबलीची स्थिती, भोपळ्याचा आकार व जाडी आणि झालेल्या दुरुस्त्यांचा दर्जा हे निकष महत्त्वाचे ठरतात. नक्षीकामामुळे किंमत वाढते, आवाज वाढत नाही. कोणा नामवंत कलावंताने वाद्य वापरल्याचा दावा केला जातो तेव्हा छायाचित्र किंवा पावती यांसारखा पुरावा नसल्यास त्या दाव्याला मूल्य देता येत नाही.

=== निवड आणि तपासणी ===

पहिला प्रश्न पट्टीचा असतो. पुरुष गायकांसाठीचा मर्दानी तंबोरा सुमारे पाच फूट उंच असतो आणि तो बहुधा पांढरी एक ते पांढरी दोन या पट्ट्यांत लावला जातो. स्त्रियांसाठीचा जनानी तंबोरा आकाराने लहान असून तो काळी चार, काळी पाच अशा पट्ट्यांत बोलतो. मोठे वाद्य फार उंच पट्टीत चढवल्यास तारा तुटतात व तबलीवर ताण येतो. लहान वाद्य फार खाली उतरवल्यास तारा ढिल्या पडतात आणि नाद मिळत नाही. केवळ स्वस्त मिळाले म्हणून चुकीच्या मापाचे वाद्य घेणे ही नवशिक्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत नेहमी आढळणारी गोष्ट आहे.

तपासणी करताना पुढील बाबी पाहतात :

* दांडीच्या टोकाकडून एका डोळ्याने पाहून तिचा वाक व पीळ.
* घोडीखालील तबलीचा उंचवटा. तेथे खळगा दिसल्यास तबली बसलेली असते.
* भोपळ्यावर बोटाने टिचकी मारून येणारा आवाज. तडा असल्यास तो फुटका येतो.
* गळ्याचा सांधा आणि त्याभोवतीच्या पॉलिशमधील बारीक रेषा.
* सर्व तारा लावून किमान अर्धा तास वाद्य स्वरात राहते का.
* खर्जाच्या तारेचा नाद इतर तारांच्या तुलनेत दबतो का.

बिघडलेली जवारी, गंजलेल्या तारा व तुटलेले मणी हे दोष किरकोळ खर्चात दूर होतात. त्यामुळे ते वाद्य नाकारण्याचे कारण ठरत नाहीत. उलट, चकाकणाऱ्या पॉलिशखालील पिळलेली दांडी हे चांगले कारण आहे. किमान एकदा जाणकार गायक किंवा कारागीर बरोबर नेऊन वाद्य प्रत्यक्ष ऐकण्याची प्रथा यासाठीच पडली आहे. केवळ छायाचित्रावरून केलेल्या खरेदीत नादाची खात्री होत नाही.

=== वाहतूक ===

वाहतुकीत भोपळा आणि गळा हे सर्वांत नाजूक भाग असतात. लांबच्या प्रवासापूर्वी तारा थोड्या उतरवतात, घोडीखाली कापड ठेवतात आणि भोपळ्याला सर्व बाजूंनी आधार मिळेल अशी पेटी वापरतात. वाद्य भोपळ्याच्या भारावर उभे ठेवून बांधल्यास धक्क्याने गळ्याचा सांधा उखडण्याची शक्यता असते.

== कायदेशीर बाबी ==

जुन्या वाद्यांच्या नक्षीत किंवा घोडीत हस्तिदंत व सांबरशिंग आढळू शकते. हत्ती हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित प्राणी आहे. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. वाद्य वडिलोपार्जित असले तरी त्यातील हस्तिदंताची व्यावसायिक विक्री करता येत नाही. सांबर हाही संरक्षित प्राणी असल्याने त्याच्या शिंगाबाबतही हीच दक्षता घ्यावी लागते. आज घोडीसाठी उंटाचे हाड, आबनूस व कृत्रिम पदार्थ वापरले जातात आणि नक्षीसाठी प्लॅस्टिक वापरतात.

शिसवाच्या प्रजातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २ जानेवारी २०१७ पासून 'साइट्स' कराराखाली नियंत्रित झाला. त्याचा परिणाम जगभरातील गिटार उद्योगाबरोबर शिसवाचे भाग असलेल्या भारतीय वाद्यांच्या निर्यातीवरही झाला. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना यातून मोठ्या प्रमाणात सूट मिळाली.

== इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि घरगुती ध्वनिमुद्रण ==

बंगळूरचे अभियंता जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यानंतर अशा यंत्रांचा आणि पुढे भ्रमणध्वनीवरील तंबोऱ्याचा प्रसार झाला. रियाझासाठी यंत्र सोयीचे असल्याने अनेक घरांतील तंबोरे खोळीत राहिले व काही विक्रीस आले. तारांचा ताण असलेले पण न वाजवलेले वाद्यही खराब होत असल्याने अशा वाद्यांची स्थिती वापरातील वाद्यांपेक्षा वाईट असू शकते.

दुसरीकडे, आजची बहुतेक यंत्रे व उपयोजने खऱ्या तंबोऱ्याच्या ध्वनिमुद्रित नादावरच चालतात. असा नाद मुद्रित करण्यासाठी उत्तम जवारीचे, स्वरात स्थिर राहणारे वाद्य लागते. घरगुती ध्वनिमुद्रणात तंबोऱ्याचा आवाज मंद असल्याने पंख्याचा व रस्त्याचा आवाज सहज मिसळतो. तबलीवर चिकटवण्याचा संवेदक बाहेरचा आवाज टाळतो, परंतु भोपळ्यातून हवेत पसरणारा नाद त्यात पूर्णपणे येत नाही. म्हणून शांत खोलीत तबलीसमोर काही अंतरावर ठेवलेला कंडेन्सर मायक्रोफोन अधिक पसंत केला जातो.

== भौगोलिक मानांकन आणि सद्यस्थिती ==

मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यामुळे अन्यत्र बनवलेले नवीन वाद्य मिरजेचे म्हणून विकण्यास कायदेशीर अटकाव करता येतो. मानांकनापूर्वी बनलेल्या आणि अनेकदा हात बदललेल्या वाद्यांची ओळख मात्र अजूनही कारागिराच्या नजरेवर अवलंबून आहे. आपल्या घराण्यातील तबलीची जाडी, गळ्याचा जोड व नक्षीची पद्धत यांवरून जुना कारागीर वाद्याचे मूळ ओळखू शकतो.

हे ज्ञान लिखित स्वरूपात फारसे नाही. ते वडिलांकडून मुलाकडे, कामाच्या बैठकीवर हस्तांतरित होते. नवीन वाद्य घडवण्यापेक्षा जुने दुरुस्त करण्यास अनुभव अधिक लागतो, तर मोबदला अनेकदा कमी मिळतो. त्यामुळे तरुण कारागीर दुरुस्तीकडे वळतात की नाही, यावर घरोघरी असलेल्या जुन्या वाद्यांचे भवितव्य अवलंबून आहे. जवारी काढणारा न मिळाल्यास उत्तम घडणीचा तंबोराही केवळ शोभेची वस्तू म्हणून उरतो.