पकड कधी सोडायची

घाटकोपरच्या दहीहंडीत वरच्या थरावर चढणाऱ्या मुलाचा चेहरा टिपायचा आहे. लेन्स २०० मि.मी.ची, अंतर पंधरा मीटर, अ‍ॅपर्चर एफ २.८. एवढ्या जुळणीत जेमतेम मीटरभर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. तेवढ्यात पाण्याचा फवारा आडवा येतो, मग कुणाचा तरी हात, मग झेंडा. कॅमेऱ्याने मुलाला धरून राहायचं की जवळ आलेल्या झेंड्याकडे वळायचं? आणि वळायचंच, तर किती वेळाने? आजच्या चांगल्या कॅमेऱ्यांच्या मेन्यूत नेमक्या याच प्रश्नासाठी एक सेटिंग असतं. बरेच जण त्याला कधीच हात लावत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. माणसाच्या हाताने कमावलेलं शहाणपण त्या एका आकड्यात येऊन बसलं आहे.

या सेटिंगचं घराणं आपल्याच उपनगरांत सापडतं. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली. जर्मनीहून आलेले जोसेफ विर्शिंग तिथले छायालेखक. १९३६चा ‘अछूत कन्या’ त्यांनीच चित्रित केला. पुढे गोरेगावला फिल्मिस्तान आली, अंधेरीत फिल्मालय आला. स्टुडिओ कुठलाही असो, कॅमेऱ्याला खेटून एक माणूस उभा असे, ज्याचं नाव पोस्टरवर कधी आलं नाही: फोकस पुलर. टेपने अंतर मोजायचं, जमिनीवर खडूची खूण करायची, लेन्सच्या रिंगवर पेन्सिलची. नट एका खुणेवरून दुसरीकडे निघाला की याचा हात रिंगवर फिरू लागे. भिंगातून बघायला तो नसेच. त्याची नजर नटाच्या पावलांवर, आणि शॉट सॉफ्ट गेला की नाही हे कळायचं रशेस पाहताना.

त्याचं खरं कसब मात्र मोजमापापलीकडचं होतं. बाजाराच्या दृश्यात एखादा ज्युनिअर आर्टिस्ट नायिकेच्या पुढून गेला, तर रिंग हलवायची नाही. तोच माणूस थांबून बोलू लागणार असेल, तर फोकस त्याच्याकडे न्यायचा. झटकन की सावकाश, हे प्रसंगावर. कुणाला धरायचं, कुठवर धरायचं, सोडताना किती वेगाने सोडायचं: आजचा मेन्यू हेच तीन प्रश्न विचारतो.

या घराण्याची दुसरी शाखा पाठलाग न करणाऱ्यांची. फोकस आधीच एका जागी बांधून ठेवायचा आणि विषय तिथे येण्याची वाट पाहायची. क्रिकेटच्या छायाचित्रकारांनी हे वर्षानुवर्षं केलं. आरे वसाहतीतल्या बिबट्याचं नयन खानोलकर यांचं छायाचित्र याच वाटेचं. आदिवासी वस्तीच्या बोळात कॅमेरा ट्रॅप लावून त्यांनी ते मिळवलं आणि २०१६ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत त्याला शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. तिथे मागोवा घेतला माणसाने, बिबट्याच्या सवयींचा. कॅमेरा नुसता थांबला होता.

यंत्र स्वतः फोकस करू लागलं ते १९७७च्या कोनिका सी३५ एएफपासून. १९८५मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि एसएलआरच्या बॉडीतच मोटर बसली. लेन्सच्या दोन कडांतून आलेला प्रकाश सेन्सरच्या दोन पट्ट्यांवर पाडायचा. दोन्ही प्रतिमांतल्या फरकावरून फोकस पुढे न्यायचा की मागे, आणि किती, हे एका मोजणीत कळतं. याच तंत्रावरून हनीवेल कंपनीने मिनोल्टाला अमेरिकेतल्या कोर्टात खेचलं आणि १९९२मध्ये मिनोल्टाला साडेबारा कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली.

पण स्थिर माणसासाठी पुरेसं असलेलं हे तंत्र चालत्या विषयापुढे हतबल होतं. ताशी ५४ किलोमीटरने येणारी लोकल सेकंदाला १५ मीटर कापते. मोजणी झाल्यापासून आरसा उचलून शटर उघडेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेला, तर गाडी दीड मीटर पुढे आलेली असते आणि फोकस तिच्या दर्शनी भागाच्या मागे राहतो. १९८८च्या मिनोल्टा ७०००आय या कॅमेऱ्याने यावर अंदाज बांधायला सुरुवात केली: लागोपाठच्या मोजण्यांवरून वेग काढायचा आणि शटर उघडेल त्या क्षणी विषय कुठे असेल तिथे फोकस नेऊन ठेवायचा. पुढच्याच वर्षी कॅननचा ईओएस-१ असाच अंदाज बांधणारा एआय सर्व्हो घेऊन आला. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी उडी वाटते.

अंदाज आला तशी फसगतही आली. अंतर अचानक पंधरा मीटरवरून आठवर आलं, तर विषय झेपावला की मध्ये कुणी आलं? निकॉनच्या १९९६च्या एफ५मध्ये यासाठी ‘लॉक-ऑन’ होतं: असा धक्का बसला तरी काही क्षण जुन्या विषयालाच धरून राहायचं. २००७च्या डी३ने रंगाचाही आधार घेतला. सगळं पथक एकाच रंगाच्या टी-शर्टमध्ये थर रचत असेल, तर हा आधार लंगडा पडतो. २०१२च्या कॅनन १डी एक्सने अशा परिस्थितींचे सहा तयार ‘केस’ दिले. त्यांतला दुसरा म्हणजे आडवं कुणीही येवो, पकड सोडू नका.

भांडुप पंपिंग स्टेशनला हिवाळ्यात मार्श हॅरिअर गवताच्या शेंड्यांना घासून उडतो, तेव्हा हाच केस लागतो, नाहीतर फोकस गवतावर जातो. खाडीवरून एकाच संथ वेगाने जाणाऱ्या फ्लेमिंगोंसाठी मेन्यूतला वेगबदलाचा आकडा शून्यावर ठेवावा. सूर मारणाऱ्या खंड्यासाठी तो वाढवावा. आकड्यांचा अर्थ मात्र आधी तपासावा: निकॉनवर ५ म्हणजे पकड उशिरा सुटणार, सोनीवर ५ म्हणजे लगेच. मित्राची सेटिंग उतरवून घेताना सकाळ वाया जाते ती इथे.

२०१७च्या सोनी ए९ने सेकंदाला साठ वेळा फोकसचं गणित करून दाखवलं. त्यानंतर कॅमेरे पक्षी, गाडीही ओळखायला शिकले. २०२४ साली आलेला कॅनन आर१ तर खेळही ओळखू लागला: फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल. कबड्डी त्यात नव्हती. चढाई करणारा मध्यरेषेकडे झेपावतो, सहा-सात बचावपटू त्याच्यावर कोसळतात आणि ढिगातून फक्त एक हात रेषेकडे सरकतो. तो हात हवा असेल, तर छायाचित्रकाराने फोकसचा एक बिंदू स्वतः निवडावा, पकड सर्वांत चिवट ठेवावी आणि सामना सुरू होण्याआधीच तपासून घ्यावी.