‘हेन्रिएटा’ जहाजाचा वारा आणि कोळसा

ज्यूल व्हर्न याची ऐंशी दिवसांतील जगप्रदक्षिणेची कादंबरी (१८७३) विद्यार्थ्यांना आवडते ती हत्ती, आगगाडी आणि पैज यांमुळे. इतिहासाच्या शिक्षकाने मात्र तीतील ‘हेन्रिएटा’ या जहाजापाशी थांबावे, असे आम्हांस वाटते. तळ लोखंडी, वरचे सर्व काम लाकडी, पोटात वाफेचे यंत्र, पाण्याखाली मळसूत्री पंखा आणि वर शिडे, अशी त्याची संमिश्र रचना आहे. ही निव्वळ कविकल्पना नव्हे. १८१९ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘सव्हाना’ या आगबोटीनेही बहुतेक प्रवास शिडांवरच केला होता. वारा फुकटचा, पण लहरी. कोळसा भरवशाचा, पण जागा अडविणारा आणि वाटेत सरणारा. म्हणून दोहोंची सोबत.

१२ डिसेंबरला न्यूयॉर्क सोडल्यावर आरंभी वारा अनुकूल होता. शिडे आणि पंखा जोडीने चालत होते. पुढे वारा आग्नेयेकडून वाहू लागला, शिडे गुंडाळावी लागली आणि सारा भार भट्टीवर पडला. कोळसा मंद गतीने बोर्दोला जाण्यापुरता होता, पूर्ण वेगाने लिव्हरपूल गाठण्यापुरता नव्हे. १८ तारखेला तो सरत आला. फॉगने ६०,००० डॉलरांना जहाज विकत घेतले आणि त्याच्या खोल्या भट्टीत घातल्या. दुसऱ्या दिवशी डोलकाठ्या गेल्या, तिसऱ्या दिवशी कठडे आणि तक्तपोशी.

वाचक या आगीने थरारतो. आमचे लक्ष डोलकाठ्यांकडे जाते. खोल्या जाळणे ही उधळपट्टी झाली, परंतु डोलकाठी जाळली की वारा पुन्हा कितीही अनुकूल झाला तरी उपयोगाचा राहत नाही. एका शक्तीला जगविण्यासाठी दुसरी कायमची मोडली. कप्तानाने हे केले असते असे आम्हांस वाटत नाही. ते पैज लावणाऱ्यालाच सुचावे!

फॉग ज्या मुंबईस २० ऑक्टोबरला उतरतो, तेथील गोदीत बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीपुढेही हाच हिशेब होता. २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली. तिच्या कोठ्यांत सुमारे साडेपाच दिवसांचा कोळसा मावे, आणि एडनची वाट होती अकरा दिवसांची. तेव्हा राहण्याच्या जागेतही कोळसा भरला. एडनला पोहोचेतो तो जवळजवळ संपला होता. डोलकाठ्या मात्र शाबूत होत्या. २२ एप्रिलला ती सुएझला लागली.