दगडावरचा इतिहास आणि चोवीस शब्द

आज आपण तंजावूरला जाणार आहोत आणि तिथून थेट मोबाइलमधल्या क्रिप्टो वॉलेटपर्यंत येणार आहोत. प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: जपून ठेवलेली गोष्ट गरजेच्या वेळी परत हाती लागेल का?

१७९९ च्या तहानंतर दुसऱ्या सरफोजी राजांकडे तंजावूरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग एवढाच उरला. बाकी राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. १८०३ साली राजांनी भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या आवारातील भिंतीवर कोरवून घेतला. मजकूर बाबूराव चिटणीसांचा, भाषा मराठी, लिपी देवनागरी. जगातल्या सर्वांत लांब शिलालेखांमध्ये त्याची गणना होते.

राज्य हातचे गेलेल्या माणसाने इतिहासासाठी दगड निवडला, यात मला दूरदृष्टी दिसते. कारण १८५५ मध्ये त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले, तेव्हा कंपनीने राजवाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. मद्रासला जिंकल्या, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. भिंतीवरची अक्षरे मात्र जागेवरच राहिली.

आता दुसरी बाजू पाहा. तंजावूर दरबाराचा रोजचा मराठी कारभार मोडीत चाले. ते कागद शेकडो गठ्ठ्यांच्या रूपाने टिकले. सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. म्हणजे कागद आहेत, जागा आहे, दारही उघडे आहे. अडते ते वाचणाऱ्यापाशी. मोडी जाणणारी माणसे थोडी, आणि तमिळ मुलखात तर फारच थोडी. तमिळ विद्यापीठाने निवडक कागदांचे तमिळ अनुवाद छापले, म्हणून काहींना वाचा फुटली. बाकीचे जपलेले आहेत, पण मुके आहेत.

क्रिप्टो वॉलेटचे नेमके असेच आहे. नाणी मोबाइलमध्ये नसतात. त्यांची नोंद जगभरच्या असंख्य संगणकांवर असते. वॉलेटमध्ये असते ती किल्ली. ही किल्ली पुन्हा घडवता यावी म्हणून बहुतेक वॉलेट सुरुवातीला १२ किंवा २४ इंग्रजी शब्द देतात. २०१३ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार ते २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. मोबाइल हरवला तरी हेच शब्द त्याच क्रमाने नव्या यंत्रात भरले की किल्ली परत मिळते. शब्दच गेले, तर दाद मागायला कोर्ट नाही. त्याच २०१३ मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली असलेली हार्ड डिस्क कचऱ्यात गेली, ती आजवर सापडलेली नाही.

म्हणून तंजावूरकडून काय घ्यायचे? एक, टिकाऊ माध्यम. शब्द कागदावर लिहा, रक्कम मोठी असेल तर पोलादी पट्टीवर कोरा. दोन, वेगळ्या जागा. दोन प्रती एकाच कपाटात नकोत. तीन, पडताळणी. शिलालेखातल्या जुन्या काळच्या हकिकतीत दंतकथा मिसळल्या आहेत आणि दगडाने त्याही तितक्याच इमानाने जपल्या. चुकीची नक्कल टिकाऊ केली तरी चुकीचीच राहते. त्यामुळे आधी अगदी थोडी रक्कम ठेवा, वॉलेट पुसा, लिहिलेले शब्द भरून ते परत उभे करा आणि तोच पत्ता, तीच शिल्लक दिसते का ते पाहा. मगच मोठी रक्कम टाका.

एका बाबतीत मात्र राजांच्या उलट वागायचे. त्यांना आपला मजकूर सगळ्यांनी वाचायला हवा होता. तुमचे शब्द कुणीही वाचता कामा नयेत. फोटो नको, ईमेल नको, क्लाउड नको. मदतनीस म्हणवणारा कुणी ते मागत असेल, तर तो चोर समजा.

पण घरातल्या एका विश्वासू माणसाला एवढे ठाऊक हवे की अशी पट्टी आहे, ती कुठे आहे आणि तिचे काय करायचे. नाहीतर तुमच्या मागे मुलांच्या हाती चोवीस शब्द येतील, पण त्यांचा उपयोग कळणार नाही. आणि मंडळी, आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद असतील, तर वाचणारा आहे तोवर तेही वाचून घ्या.