आकडा

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर भाच्याचा फोन आला. तो न्यू जर्सीला असतो, म्हणजे त्याच्याकडे दुपार. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मूळ मुद्द्यावर आला. "मामा, इथे बेसबॉलवर पैसे लावायची ॲप आहेत. ऑफिसात सगळेच लावतात. एकदम कायदेशीर. तू गणिताचा मास्तर, तर एवढं सांग, मायनस दीडशे आणि प्लस एकशेतीस म्हणजे नक्की काय?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो." खरं तर मला बेसबॉलमधलं फार कळत नाही. पण पैसे लावणं म्हणजे काय, ते मी लहानपणी घरातच पाहिलंय. फोन ठेवल्यावर आठवले ते आमचे तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते.

तात्या मुंबईत गिरणीत होते. तेव्हा आमच्या पट्ट्यातल्या बर्‍याच घरांतला एकतरी माणूस गिरणगावात असायचाच. सुट्टीला तात्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने यायचे, येताना आम्हा पोरांना खाऊ आणायचे. खाऊबरोबर त्यांच्या सदर्‍याच्या खिशात एक छोटी वही असायची. ती आम्हाला हात लावायला बंदी. मोठा झाल्यावर कळलं की ती मटक्याची वही.

हल्ली मटका म्हटलं की लोकांना कुल्फी नाहीतर पाण्याचा माठ आठवतो. तेव्हा नव्या पिढीसाठी थोडा इतिहास सांगतो. मला स्वतःला तो बेसबॉलइतकाच अमेरिकन वाटतो :-)

मुंबई आणि कापूस यांचं नातं जुनं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शेअरचा असा सट्टा झाला की युद्ध संपताच १८६५ साली भलेभले बुडाले. तेव्हापासून कापसाच्या भावावर पैसे लावायची सवय या शहराच्या अंगात मुरली. नुसता कापूसच कशाला, पाऊस किती पडेल यावरही पैजा लागत. सरकारने १८८७ साली जुगारबंदीचा कायदा केला, आणि पुढे त्यात पावसाचा सट्टाही घालावा लागला!

स्वातंत्र्यानंतरच्या काळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचा. बाजार उघडतानाचा एक भाव आणि बंद होतानाचा एक. या भावांतल्या आकड्यांवर लोक पैसे लावू लागले. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द आले ते इथून. आमच्याकडे निरक्षर माणूससुद्धा हे दोन इंग्रजी शब्द बिनचूक वापरायचा, पण त्यामागे न्यूयॉर्कचा बाजार आहे याचा त्याला पत्ता नसायचा. आणि गंमत बघा, दिवसभर गिरणीत कापूस कातणारा माणूस संध्याकाळी त्याच कापसाच्या आकड्यावर आपला पगार लावत होता.

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारे ते आकडे बंद झाले. झालं, खेळ बुडाला असं वाटलं. पण खेळणार्‍यांना कापसाशी कुठे देणंघेणं होतं? त्यांना रोज एक आकडा हवा होता. कच्छमधून मुंबईत आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीला स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. फाळणीत कराचीहून आलेले रतन खत्री १९६४ मध्ये या धंद्यात आपला वेगळा मटका घेऊन उतरले. चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायच्या म्हणून नाव मटका. पुढे मडकं गेलं, पत्ते आले, नाव मात्र टिकलं.

आता पद्धत. शून्य ते नऊमधले तीन आकडे काढायचे. समजा २, ५, ७ आले. बेरीज १४. शेवटचा अंक ४. हा झाला ओपन. काही तासांनी पुन्हा तीन आकडे, त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक तो क्लोज. समजा तो ९ आला, तर ४९ ही झाली जोडी. नुसता एक अंक बरोबर आला तर रुपयाला नऊ रुपये, जोडी लागली तर रुपयाला नव्वद. (तीन आकड्यांच्या पत्तीवरही लावता येई, तिचे भाव वेगळे.)

मास्तरकीची सवय, म्हणून विचारतो. अंक किती? दहा. म्हणजे बरोबर येण्याची शक्यता दहात एक. मग हिशेबाने मिळायला हवेत दहा रुपये. मिळतात नऊ. जोड्या शंभर, मिळतात नव्वद. दहातला तो एक रुपया कुठे गेला? तो मटका चालवणार्‍याचा, आणि त्याच्या खालच्या बुकीपासून चिठ्ठी लिहिणार्‍यापर्यंत सगळ्यांचा. तो चोरलेला नाही. सर्वांदेखत, भावातच कापून घेतलेला आहे.

ही गोष्ट तात्यांना कधी पटली नाही. नंबर आला नाही की त्यांचं एकच वाक्य, "आकडा फिरवला मेल्यांनी." कुणीतरी वर बसून, कशावर जास्त पैसे लागलेत ते बघून, नेमका दुसरा आकडा काढतो, अशी त्यांची खात्री होती. पुढे पुढे अशा भानगडी झाल्याही असतील. पण खत्रींचं नाव झालं ते उलट्या कारणाने. पत्ते सगळ्यांसमोर काढले जात, समोर बसलेल्या कुणालाही काढायला सांगत असं म्हणतात. आकडा खरा असतो आणि लागलेले पैसे मिळतात, हा विश्वास नसता तर गावोगावच्या माणसाने न पाहिलेल्या माणसाच्या हवाली आपला रुपया केलाच नसता. आणीबाणीत खत्रींना तुरुंगात टाकलं, तरी बाहेर आल्यावर धंदा पुन्हा उभा राहिला. १९७५ च्या 'धर्मात्मा' सिनेमातला प्रेमनाथ त्यांच्यावरच बेतला होता, असं सगळे सांगतात. २०२० च्या मे महिन्यात ते वारले तेव्हा मटका कधीही न खेळलेल्यांनीही त्यांच्या आठवणी काढल्या.

दुसर्‍या घराण्याचा शेवट मात्र आमच्या दाराशी झाला. कल्याणजींचे चिरंजीव सुरेश भगत १३ जून २००८ रोजी अलिबागच्या कोर्टातली तारीख आटोपून परत निघाले होते. अलिबाग-पेण रस्त्यावर ट्रकने त्यांची गाडी चिरडली. आधी सगळे अपघातच समजले. पण तो घडवून आणलेला खून निघाला, आणि २०१३ मध्ये त्यांची पत्नी आणि मुलगा यांच्यासह काही जणांना जन्मठेप झाली. दहातल्या त्या एका रुपयाचा डोंगर केवढा झाला असेल, ते यावरून कळावं. असो.

तर भाच्याला दुसर्‍या दिवशी फोन केला आणि आधी त्याचं मायनस-प्लस सोडवलं. मायनस दीडशे म्हणजे तगडा संघ: १५० डॉलर लावले तर जिंकल्यावर १०० वर मिळतात. प्लस एकशेतीस म्हणजे लंगडा संघ: १०० लावले तर १३० वर. आता असं बघ, म्हटलं. जिंकल्यावर मुद्दल धरून हातात बरोबर शंभर डॉलर यायला हवे असतील तर तगड्यावर लावावे लागतात ६०, आणि लंगड्यावर साधारण साडेत्रेचाळीस. दोन्हींची बेरीज १०३.५. बुकीने दोन्ही बाजूंनी घेतले १०३.५, आणि जिंकेल त्याला दिले १००. वरचे साडेतीन त्याचे. खत्रींचा दहावा हिस्सा, यांचा तिसावा.

"म्हणजे हे मटक्यापेक्षा बरंच की," भाचा म्हणाला.

एका सामन्यापुरतं बरं. पण ॲप तेवढ्यावर तुला सोडत नाही. तीन सामने एकत्र बांधून लाव, भरपूर मिळतील, असं ते सुचवतं. तिकडे याला पार्ले म्हणतात. आपल्या भाषेत जोडीचीच थोरली बहीण. समजा तिन्ही सामने अटीतटीचे, आणि प्रत्येकाला ११० लावून १०० मिळवायचा भाव. तिन्ही बरोबर येण्याची शक्यता आठात एक, तेव्हा डॉलरला आठ मिळायला हवेत. मिळतात सातच्या आसपास. शंभरातले तेरा गेले! मटक्याच्या जोडीत दहाच जात होते.

भाच्याने मग आपलं हुकमी अस्त्र काढलं. "पण मामा, मटका म्हणजे नुसतं नशीब. इथे अभ्यास आहे. पिचर कोण, त्याचा हात कुठला, मैदान कुठलं, वारा कसा, सगळी आकडेवारी मिळते."

मुद्दा खोटा नाही. बेसबॉलइतका मोजलेला खेळ दुसरा नसेल. पण ती आकडेवारी भाव ठरवणार्‍याकडेही असते, तुझ्या आधी असते, आणि तिच्यावर पोट भरणारी माणसं त्याने पगारावर ठेवलेली असतात. पिचर बदलला की भाव बदलतो. शिवाय या खेळात चांगला संघही वर्षाच्या १६२ सामन्यांपैकी साठ-पासष्ट हरतोच. त्यातूनही एखादा सातत्याने जिंकू लागला, तर बर्‍याच कंपन्या त्याची मर्यादाच कमी करून टाकतात. तात्यांना निदान खत्रींनी 'तुम्ही फार जिंकता, उद्यापासून चार आणेच लावा' असं कधी सांगितलं नाही.

"आणि इथे फसवणूक नाही," तो म्हणाला. म्हणजे आला तात्यांच्याच वाक्यावर, फक्त दुसर्‍या दाराने.

बेसबॉलमध्येही 'आकडा फिरवला' झालेला आहे. १९१९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये शिकागोच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन हरल्याचा आरोप झाला. १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं, तरी लँडिस नावाच्या नव्या कमिशनरने दुसर्‍याच दिवशी आठही जणांना जन्मभरासाठी बाहेर काढलं. खेळावरचा विश्वास गेला तर सगळंच जातं, हे त्याला ठाऊक होतं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं बेसबॉल सट्ट्यापासून हात झटकून होतं. मग २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सट्ट्यावरचा केंद्राचा निर्बंध उठवला. खटला होता भाच्याच्याच न्यू जर्सीचा. (आपल्याकडे उलटं झालं. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली.)

कायदा आला, देखरेख आली, खेळ स्वच्छ राहिला असं धरू. म्हणून भावातली कात्री बोथट होते का? उलट, विश्वास वाढला की माणसं जास्त लावतात, आणि कात्री जास्त कापडावर चालते.

आता तात्यांच्या वहीकडे येतो. तात्या गेल्यावर पेटीत ती सापडली. जिला हात लावायची बंदी, ती वही आयुष्यात पहिल्यांदा उघडली. बारीक अक्षरात तारीख, आकडा, लावले किती, आले किती. शेजारी स्वप्नं. 'साप दिसला', 'लाँच बुडाली', आणि त्यावरून काढलेले अंक. मी पेन्सिल घेऊन अकरा महिन्यांची बेरीज केली. लावले ६४२ रुपये. आले ५७६. गेले ६६.

शंभरामागे दहा रुपये आणि वर थोडे पैसे. अकरा महिन्यांत नशिबाने इकडेतिकडे व्हायलाच हवं होतं, पण तात्यांच्या नशिबाने जणू गणिताचा आदर ठेवला. म्हणजे तात्यांना त्या अकरा महिन्यांत कुणीही फसवलं नव्हतं. भाव जो सांगितला तोच दिला, आणि त्या भावाने जेवढं न्यायचं तेवढं नेलं. मी बराच वेळ ती वही हातात घेऊन बसलो होतो.

६६ रुपयांनी कुणी बुडत नाही, असं वाटेल. पण लागलेले पैसे घरी येत नव्हते, पुन्हा आकड्यावर जात होते. शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्याऐंशी, असं सात वेळा फिरवलं की सरासरीने निम्म्याहून कमी उरतात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर, त्यांतले एक तात्या. गावी परत आले ते कायमचेच. हाताला काम नाही, म्हणून गेलेलं एकदम भरून काढायचं. त्या काळातल्या वहीत रुपयांचे दहा झालेत, दहाचे पन्नास. वाडीतली आठ माडांची पट्टी त्या दोन वर्षांत गेली. काकू तिकडून जाताना कधी मान वळवत नसे. शेवटपर्यंत तात्यांचं म्हणणं एकच, आकडा फिरवला. चोर सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. चोर नव्हताच.

भाच्याला मी 'लावू नकोस' म्हटलं नाही. तिशी उलटलेल्या माणसाला मामाने काय सांगायचं. एवढंच म्हटलं, की ॲपवर भरवसा ठेव, पण हिशेब त्याच्याकडे ठेवू नकोस. एक कागदाची वही घे. प्रत्येक वेळी लावले किती, आले किती, हातानं लिही. बोनस आणि फुकटची पैज वेगळ्या रकान्यात. मोसम ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपतो. तेव्हा बेरीज कर आणि मला फोन कर. आणि गेलेले पैसे भरून काढायला म्हणून रक्कम वाढवावीशी वाटली, तर त्या दिवशी वही मिटायची.

तो हसला. म्हणाला, "मामा, कागदाची वही आता कोण ठेवतं?"

काल संध्याकाळी जेट्टीवर गेलो होतो. शेवटची बोट गेटवेकडे निघाली होती, पलीकडे मुंबईचे दिवे लागत होते. तिथेच बाकावर बसून तात्यांच्या वहीतल्या दोन पानांचे फोटो भाच्याला पाठवले, बेरजेसकट. दोन निळ्या खुणा उमटल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.