'सेंड' दाबण्याआधीच ॲपला काय काय कळतं?

व्हॉट्सॲपवर समोरच्याच्या नावाखाली 'टायपिंग…' उमटतं, थोडा वेळ राहतं आणि नाहीसं होतं. मेसेज मात्र येत नाही. म्हणजे 'सेंड' दाबण्याआधीच ॲपला काहीतरी कळलेलं असतं. नेमकं काय?

अँड्रॉइडमध्ये मजकुराच्या चौकटीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेला 'टेक्स्टवॉचर' म्हणतात. चौकटीत एखादं अक्षर वाढलं, खोडलं किंवा काही पेस्ट केलं, की ती ॲपला तीनदा हाक मारते: बदल होण्याआधी, होताना आणि झाल्यावर. पहिलं अक्षर पडताच माइकच्या जागी पाठवायचा बाण येतो, ओटीपीचा सहावा आकडा भरताच स्क्रीन पुढे सरकते, ते अशा हाकांवरच.

प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे धावणं मात्र परवडत नाही. म्हणून सर्चच्या चौकटीत ॲप सहसा बोट थांबायची वाट बघतं, साधारण 300 मिलिसेकंद, आणि मगच विचारणा करतं. या युक्तीला 'डिबाउन्सिंग' म्हणतात. तरी एक घोळ उरतो. 'पु'चं उत्तर 'पुणे'च्या उत्तरानंतर पोहोचलं, तर यादी चुकीची दिसते. नीट बनवलेलं ॲप असं शिळं उत्तर फेकून देतं.

मराठीत गंमत वाढते. 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. त्यामुळे एक्सच्या 280 च्या मर्यादेतून सहा वजा होतात. एसएमएसमध्ये तर इंग्रजीला 160 अक्षरं मिळतात आणि देवनागरीला 70. शिवाय रोमन अक्षरं टाइप करून मराठी लिहिताना कीबोर्ड तो शब्द अर्धवट, अधोरेखित अवस्थेत धरून ठेवतो. ॲपने मध्येच मजकूर 'सुधारायला' घेतला की शब्द मोडतो, कर्सर उडी मारतो. मराठीत लिहिणाऱ्यांना हा त्रास नवा नाही. इंग्रजीपुरती चाचणी करून ॲप बाजारात आणलं की असंच होणार.

कंपनीपर्यंत काय जातं?

ॲपला कळणं वेगळं आणि कंपनीच्या सर्व्हरला कळणं वेगळं. 'टायपिंग…' साठी 'हा लिहितोय' किंवा 'थांबला' एवढा निरोप पुरतो, मजकूर पाठवावा लागत नाही. सिग्नल ॲपमध्ये हा निरोपही बंद करता येतो. सर्चमध्ये मात्र सूचना दाखवायच्या तर अर्धवट शब्द सर्व्हरकडे जातोच.

फेसबुकने 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी 39 लाख वापरकर्त्यांचं 17 दिवसांचं वागणं तपासलं होतं. निदान पाच अक्षरं लिहून दहा मिनिटांत पोस्ट न केलेला मजकूर त्यात मोजला गेला. 71 टक्के लोकांनी निदान एकदा असं केलं होतं. काय लिहिलं होतं ते नोंदवलं नाही, फक्त लिहिलं होतं एवढंच नोंदवलं, असं संशोधकांनी स्पष्ट केलं. पण न पाठवलेल्या शब्दांचीही मोजणी होऊ शकते, हे त्यातून उघड झालं.

वेबसाइट्सचं चित्र याहून वाईट निघालं. 2022 च्या एका युरोपीय अभ्यासात एक लाख वेबसाइट तपासल्या गेल्या. फॉर्म 'सबमिट' करण्याआधीच ईमेल पत्ता ट्रॅकिंग कंपन्यांकडे जात असल्याचं अमेरिकेतून पाहताना 2,950 साइट्सवर आढळलं, तर युरोपातून पाहताना 1,844 वर.

या सगळ्यात कीबोर्डकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. टेक्स्टवॉचर फक्त त्याच ॲपच्या चौकटीपुरता असतो, कीबोर्ड मात्र सगळ्या ॲप्समध्ये असतो. म्हणूनच नवा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड इशारा देतं, की पासवर्ड आणि कार्ड क्रमांकासह तुम्ही टाइप केलेलं सगळं तो गोळा करू शकतो. आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डला 'फुल ॲक्सेस' द्यायचा की नाही हे तुम्ही ठरवता, आणि पासवर्डच्या चौकटीत फोन आपोआप ॲपलच्या कीबोर्डवर येतो.